नाकाबाईंच्या दोन बादल्या

नाकाबाईंना वास येत नाही, ही गोष्ट डॉक्टर सोडले तर जगात दोघांनाच माहीत होती. एक त्या स्वतः आणि दुसरा त्यांचा मुलगा.

नाकाबाई हे काही त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. एकतीस वर्षं त्या एका डेअरीत दूध उतरवून घेण्याच्या फलाटावर उभ्या होत्या. सकाळी गाड्या लागायच्या, कॅन उतरायचे, आणि बाई एकेका कॅनचं झाकण उचलून त्यावर वाकायच्या. फार तर दोन सेकंद. मग "घ्या" नाहीतर "परत". आत प्रयोगशाळेत नंतर काचेच्या नळ्यांमधून आम्लता, चरबी, सगळं मोजलं जायचं, पण फलाटावरचा पहिला निकाल नाकाचा. तापवल्यावर जे दूध फाटणार आहे ते त्यांना थंड असतानाच कळायचं. एकदा मॅनेजरच्या मेहुण्याचे चाळीसच्या चाळीस कॅन त्यांनी परत केले. मॅनेजर बाहेर येऊन हळूच म्हणाले, बाई, पाहुण्यांचं दूध आहे. बाई म्हणाल्या, मग पाहुण्यांनाच पाजा. तेव्हापासून त्यांना नाकाबाई म्हणू लागले, आणि त्यांनाही ते नाव हुद्द्यासारखं वाटायचं. निवृत्तीनंतर ते त्यांच्याबरोबर या चार मजली इमारतीतही आलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? शिंप्याची कात्री हरवली तर तो दुसरी आणतो.

मुलाला कळलं ते चहामुळे. तो चार तासांवरच्या शहरात इमारतींच्या वीजजोडणीचे आराखडे काढायचा. स्वभाव कामासारखाच, प्रत्येक गोष्टीला एक फ्यूज असावा असं मानणारा. महिन्यातून एकदा आईकडे यायचा. त्या दिवशी त्याने चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप खाली ठेवला. दूध आंबूस झालं होतं. जिने चाळीस कॅन परत केले, तिने स्वतःच्या मुलाला नासक्या दुधाचा चहा दिला होता. दोघंही कपाकडे बघत बसले. मग तो म्हणाला, "आई, उद्या गॅस सुटला तर?"

तिथून त्याचं सुरू झालं. माझ्याकडे ये. खोली रिकामी आहे. खिडकी मोठी आहे. बाईंचं उत्तर दर महिन्याला तेच असायचं. इथे माझी कुलपाची किल्ली माझ्या कंबरेला आहे, तिथे मी तुझ्या खोलीत राहायला येईन.

पण चहाचा तो कप त्यांच्या मनातून जाईना. घरातलं काय शिळं झालंय, काय नासतंय, हे आता त्यांना कळत नव्हतं. दुधाच्या बाटलीवर त्या तारीख लिहू लागल्या, ते ठीक. पण ओल्या कचऱ्याचं काय? कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदाच यायची. मधल्या दिवसांत स्वयंपाकघरातल्या डब्यात बटाट्याची सालं, माशाचे काटे, उरलेला भात, चहाचा चोथा यांचं काय चाललं असेल याचा विचार करून त्यांना घास गोड लागेना.

अशात वाचनालयातल्या एका मासिकात त्यांना बोकाशीची माहिती सापडली. घट्ट झाकणाची बादली, आत तळाशी जाळी, खाली छोटा नळ. कचऱ्याचा एक थर द्यायचा, त्यावर जंतू मुरवलेला गव्हाचा कोंडा भुरभुरायचा, दाबून हवा काढायची आणि झाकण लावायचं. शिजलेलं अन्न, मासे, काहीही चालतं. भरली की पंधरा दिवस बंद. आतलं सडत नाही, आंबतं. नंतर मातीत मिसळलं की महिन्याभरात त्याचीच माती.

बाईंनी ते वाचलं आणि मासिक मिटून मांडीवर ठेवलं. हे तर विरजण. दुधात चांगले जंतू आधी घुसले तर दही होतं, वाईट घुसले तर दूध नासतं. सगळा खेळ आधी कोण पोचलं याचा. जगाला वाटतं आंबणं आणि नासणं एकच. त्या दोन्हींमधली रेघ ओळखायची म्हणून तर डेअरी त्यांना एकतीस वर्षं पगार देत होती.

त्यांनी दोन बादल्या मागवल्या. गॅलरीत एका कोपऱ्यात त्या, शेजारी मातीची एक लांबट पेटी. कोंड्याच्या डब्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, 'विरजण'. पहिली बादली भरली, बंद झाली. दुसरी भरेपर्यंत पहिलीची मुदत झाली. झाकण काढलं तेव्हा वर पांढरी लोकर आली होती. पांढरी बुरशी म्हणजे उत्तम, काळी-हिरवी म्हणजे बिघडलं. नळाखालचं पाणी त्यांनी कागदाच्या आम्लपट्टीवर घेतलं. पट्टी नारिंगी झाली, म्हणजे चांगलं आंबट. नाक नव्हतं, पण डोळे होते, आणि दुकानात पट्ट्या मिळत होत्या. बाईंना बऱ्याच दिवसांनी फलाटावर उभं राहिल्यासारखं वाटलं. पहिली बादली मातीत रिकामी करून, धुऊन, त्यांनी पुन्हा भरायला घेतली. दुसरी बंद होऊन मुरत पडली.

आणि मग खालून तक्रार आली.

बाईंच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर टेलरकाकू राहायच्या. खिडकीशी मशीन, दिवसभर पायाखाली पट्टा फिरायचा. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं होतं, काय हो, गॅलरीत काय खुडबुड चालते? बाई म्हणाल्या होत्या, बोकाशी करतेय. टेलरकाकूंच्या कानात त्यातला 'बोका' तेवढा राहिला. पुढे दहाबारा दिवसांनी खिडकीतून घाण येऊ लागली, तेव्हा त्यांनी इमारतीच्या तक्रारवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं की तिसऱ्या मजल्यावर बोका पाळला आहे, त्याची घाण खाली येते, बंदोबस्त व्हावा.

इमारतीचे सेक्रेटरी एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. वर चढून विचारण्यापेक्षा नोटीस टाइप करणं त्यांना सोपं जायचं. नोटिशीत होतं, 'आपण विनापरवाना बोका पाळल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बोका आठ दिवसांत हलवावा.'

बाईंनी उत्तर दिलं तेही लेखीच, आणि नोटीसफलकावर सगळ्यांना दिसेल असं लावलं. 'माझ्या घरी बोका नाही, मांजर नाही, उंदीरही नाही. सदर बोका कोणाच्या निदर्शनास आला व त्याचा रंग कोणता, हे लेखी कळवावे.'

पुढचे दोन दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. जो तो सेक्रेटरींना जिन्यात गाठून विचारायचा, बोका सापडला का? कोणीतरी नोटीसफलकावर मिशांचं चित्रही काढलं. सेक्रेटरी सगळ्यांशी हसून बोलले, आणि घरी जाऊन दुसरी नोटीस टाइप केली. या वेळी बोकाशी म्हणजे काय ते आधी नीट विचारून घेतलं होतं. 'आपण घरात कुजका कचरा साठवत आहात. रविवारी सकाळी दहा वाजता पाहणी होईल. दुर्गंधी आढळल्यास सर्व साहित्य जप्त केले जाईल.' एवढ्यावर ते थांबले नाहीत. अडीअडचणीसाठी म्हणून नोंदवलेल्या मुलाच्या नंबरावर त्यांनी फोन केला.

मुलाचा फोन आला तेव्हा बाई भांडणाच्या पवित्र्यात होत्या. तो म्हणाला, लोक म्हणतायत घरातून घाण येते, तुला कळत नाही, आता तरी ऐक. बाई म्हणाल्या, लोकांना बोका पण दिसला होता. तो म्हणाला, रविवारी मी येतो, वास येत असला तर तू माझ्याबरोबर यायचं. बाई ताडकन म्हणाल्या, "आला वास तर त्याच गाडीने येते. बॅग भरून ठेवते."

फोन ठेवल्यावर त्यांना आपल्या बोलण्याचा अर्थ कळला. घर त्यांनी वासावर लावलं होतं, आणि वास त्यांनाच येत नव्हता.

त्यांनी आम्लपट्ट्यांची डबी घेतली आणि गॅलरीत गेल्या. दुसऱ्या, बंद बादलीचा नळ उघडला. पट्टी नारिंगी. पहिलीचा नळ उघडला. पट्टी हिरवट झाली, म्हणजे आंबटपणा गेलेला. त्यांनी दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. हिरवट. झाकण उघडलं, दिव्याखाली धरून पाहिलं. भाताच्या थरावर काळे ठिपके पडले होते, कडेला निळसर-हिरवं काहीतरी वाढत होतं.

टेलरकाकू खरं बोलत होत्या. जनावर चुकलं होतं, घाण नाही.

बाई स्टूल ओढून बसल्या आणि नोकरीत करायच्या तसा उलटा तपास केला. कोंडा तोच, कचरा तोच, झाकण घट्ट. मग काय बदललं? पहिली बादली एकदा धुतली होती. कशी धुतली? आणि तिथे त्या थांबल्या.

डेअरीत भांडं धुण्याचा एक क्रम होता, आणि तो त्यांच्या हातात इतका बसला होता की डोकं लागतच नसे. आधी सोड्याचं गरम पाणी, मग उकळतं पाणी, शेवटी क्लोरीनचं पाणी. ते पुसायचं नाही, तसंच निथळू द्यायचं. दूध घ्यायचा पळा कायम क्लोरीनच्या पाण्यात उभा. बादली धुण्याच्या दिवशी ब्रश हातात आला आणि हात आपोआप चालू झाले. बादलीला त्यांनी क्लोरीन पाजलं. एवढंच नाही, कोंडा घ्यायचा चमचाही त्या दिवसापासून क्लोरीनच्या पेल्यात उभा केला, आणि रोज तो ओला चमचा 'विरजण' लिहिलेल्या डब्यात घातला. ज्या जंतूंच्या जिवावर सगळं चाललं होतं, त्यांना त्या रोज सकाळी नियमाने मारत होत्या. दुसरी बादली वाचली, कारण ती त्याआधीच बंद झाली होती.

हे कोणा अडाण्याने केलं नसतं, घाणेरड्या माणसाने तर नाहीच नाही. ही चूक करायला एकतीस वर्षं स्वच्छ राहावं लागतं. बाईंना हसू आलं, आणि ते चेहऱ्यावर असतानाच डोळे भरले.

गुरुवार होता. रविवारला तीन दिवस. सोपा उपाय समोरच होता. पहिली बादली जाड पिशवीत ओतायची, उद्याच्या कचऱ्याच्या गाडीत टाकायची, गॅलरी पुसायची. रविवारी एकच बादली, तीही नारिंगी. बॅग भरायला नको. शुक्रवारी सकाळी त्यांनी पिशवी भरली, चप्पल घातली, दार उघडलं. गाडीचा भोंगा खाली वाजत होता.

उंबरठ्यावर त्यांना गाडीवाले आठवले. नाकाबाईंची पाळी आहे म्हटलं की काही जण फलाटावर यायच्या आधीच नासका कॅन गटारात ओतायचे आणि स्वच्छ तोंडाने पुढे यायचे. नासकं दूध घेऊन येणाऱ्यांचा बाईंना कधी राग आला नाही. उन्हाळा असतो, गाडी उशिरा येते, होतं. राग यायचा तो या ओतणाऱ्यांचा.

त्यांनी चप्पल काढली. पिशवी परत बादलीत रिकामी केली आणि झाकण लावलं.

रविवारी दहाला सेक्रेटरी आले, हातात फाइल. मागून टेलरकाकू, गळ्यात मापाची टेप तशीच. मुलगा सकाळीच पोचला होता आणि गॅलरीच्या दारात उभा होता. त्याच्या तोंडावरून बाईंना कळलं की वास त्याला आधीच आला आहे.

"आधी वाईट बघा," बाई म्हणाल्या आणि पहिल्या बादलीचं झाकण काढलं.

सेक्रेटरी दोन पावलं मागे गेले. टेलरकाकूंनी पदर नाकाला लावला. मुलाने रुमाल काढला. बाई एकट्या बादलीवर वाकून उभ्या होत्या.

"ही नासली आहे. चूक माझी. टेलरकाकू, आठ-दहा दिवस तुम्हाला त्रास झाला, तुम्ही खरं लिहिलं होतं. बोका सोडून."

सेक्रेटरींनी पाठ करून आणलेली वाक्यं वाया गेली. त्यांनी फाइल उघडली आणि मिटली. बाईंनी दुसरी बादली उघडली. पांढरी लोकर दाट आली होती. टेलरकाकू जपून वाकल्या, पदर थोडा बाजूला केला, आणि म्हणाल्या की हा वास तर सिरक्यासारखा आहे, यात काही वाईट नाही. मग सरळ होताना त्यांच्या लक्षात आलं.

"पण ताई, पहिलीची एवढी घाण सुटली होती. तुम्हाला कशी नाही आली?"

मुलगा जमिनीकडे बघू लागला. बाईंनी झाकण बसवलं, चारही बाजूंनी दाबलं.

"मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

नाकाबाईंना वास येत नाही हे ऐकणं म्हणजे इमारतीला जिना नाही असं ऐकण्यासारखं होतं. सेक्रेटरी आधी सावरले. हळू आवाजात, अगदी काळजीने म्हणाले की मग तर प्रश्न बादल्यांचा राहिलाच नाही, एकटं राहणंच धोक्याचं, चिरंजीव समजूतदार आहेत.

"आई, ठरलं होतं," मुलगा म्हणाला.

"ठरलं होतं. शब्द मी दिला होता, तो परत घेते. मॅनेजरच्या मेहुण्याचं दूध परत केलं, माझा शब्द परत घ्यायला मला कसली लाज?"

"आणि गॅस? गॅस सुटला तर कोण सांगणार तुला?"

"आत जाऊन बघ."

तो आत गेला. ओट्याखाली सिलिंडर नव्हता. तिथे कांद्या-बटाट्यांची टोपली होती. ओट्यावर विजेची सपाट शेगडी होती, शेजारी भिंतीत नवा, वेगळा स्विच, आणि स्विचखाली फ्यूज. सिलिंडर परत देऊन सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत तो सहा वेळा आला होता, त्या शेगडीवरचा चहा प्याला होता, आणि गॅस नीट बंद करत जा असं सहा वेळा सांगून गेला होता.

तो बाहेर आला तेव्हा रुमाल खिशात गेला होता.

"मला भीती वाटते, आई."

"मला वाटत नाही का? वाटली म्हणून शेगडी बदलली. तू भ्यालास आणि मला हलवायला निघालास."

सेक्रेटरी खाकरले. एक बादली नासली म्हणजे पाहणीचा निकाल लागला, दोन्ही हलवाव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या की एक कॅन परत गेला म्हणून अख्खी गाडी परत पाठवायची पद्धत कुठल्याच फलाटावर नसते. नासलेली त्या आत्ता, सगळ्यांसमोर, खाली मागच्या भिंतीलगत पुरणार आहेत. चांगली आहे ती इथेच राहणार आहे. आणि पुढची सोमवारपासून सुरू होणार आहे.

"ती मागची जागा इमारतीची आहे, बाई. कमिटीत विषय ठेवावा लागेल."

"मीही इमारतीचीच आहे. ठेवा विषय. तोवर मी खणते."

त्यांनी बादली उचलली. टेलरकाकूंनी झटकन वाट दिली. तीन मजले उतरून, जिन्याखालची कुदळ घेऊन त्या मागे गेल्या. भिंतीलगत फुटक्या फरशांचे तुकडे आणि टणक, पिवळी माती होती, गवतसुद्धा रुसलेलं. त्यांनी कुदळ मारली. पहिल्या पाच-सात घावांत नुसते खडे उडाले. वरच्या खिडक्यांत माणसं जमू लागली. कोणी नाक दाबून, कोणी तोंड उघडं टाकून. सेक्रेटरी कोपऱ्यावर उभे राहून फाइलमध्ये काहीतरी लिहीत होते. बाईंनी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की वेळही लिहा, दहा पस्तीस.

खड्डा गुडघाभर झाला तेव्हा मुलगा खाली आला. "दे इकडे," तो म्हणाला.

"नको. तुला वास येतो, तू ओकशील. हे काम ज्याला वास येत नाही त्याचंच. सगळ्या इमारतीत मी एकटी आहे."

त्यांनी बादली उलटी केली. खिडक्या धडाधड बंद झाल्या. मुलगा जागचा हलला नाही, फक्त त्याचे डोळे पाणावले. ते वासाने की कशाने, हे विचारायच्या भानगडीत बाई पडल्या नाहीत. त्यांनी आतलं कुदळीच्या टोकाने पसरलं, मातीत नीट कालवलं, वरून माती लोटली आणि पायाने दाबली.

दुपारच्या गाडीने तो एकटा परत गेला. निघताना त्याने पुन्हा ये म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात कधी येऊ, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, कधीही ये, मी घरीच असते.

त्याला फाटकापर्यंत सोडून त्या मागे वळल्या. कोपरापर्यंत चिखल होता, पदराला लागलेलं वाळलं होतं, केसांतही काहीतरी गेलं असावं. पहिल्या मजल्यावर समोरून उतरणाऱ्या दोघी त्यांना पाहून भिंतीला चिकटल्या आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. आपल्याला केवढा वास येत असेल याचा बाईंना अंदाज होता. त्या जिन्याच्या मधोमध चालत राहिल्या, रोजच्याच चालीने, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.